जुन्या शिरगणतीवर चालणारा यवतमाळ जिल्हा

यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या किती, या प्रश्नाला सरकारदरबारी एकच अधिकृत उत्तर आहे : २७ लाख ७२ हजार ३४८. हे उत्तर २०११ च्या जनगणनेने दिलेले आहे. २०२१ ची जनगणना करोनाच्या साथीमुळे लांबली ती लांबलीच. पुढची गणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून घेण्याची अधिसूचना केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये काढली. मधल्या काळात जिल्ह्यात माणसे जन्मली, गेली, आली, खेड्यातून शहराच्या कडेला येऊन राहिली. परंतु रास्त भावाच्या दुकानात किती कुटुंबांना धान्य मिळावे, जिल्हा परिषदेत कोणासाठी किती जागा राखीव असाव्यात, एखाद्या तांड्याला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळावी की नाही, हे सारे २०११ च्याच आकड्यांवर ठरत राहिले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले सुमारे सात कोटी लाभार्थी २०११ च्या जनगणनेवरून काढलेले आहेत. राज्याच्या ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकांना धान्य, असे हे गणित आहे. त्यानंतर विभक्त झालेल्या कुटुंबाला नवी शिधापत्रिका सहज मिळते, पण धान्याच्या यादीत जागा होण्यासाठी कोणाचे तरी नाव कमी व्हावे लागते.

प्रशासनाची रचना आणि लोकवस्तीचे वास्तव यांत अंतर पडणे हे काही यवतमाळपुरते मर्यादित नाही. मात्र क्षेत्रफळाने मोठा, वस्तीने विखुरलेला, आदिवासी आणि बंजारा समाजाची मोठी संख्या असलेला आणि वर्षातील काही महिने घर सोडून जाणाऱ्यांचा हा जिल्हा असल्याने येथे ते अंतर अधिक ठळकपणे जाणवते.

वणी जिल्ह्याचा यवतमाळ झाला

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके एकत्र करून नवा जिल्हा करण्यात आला. त्याला आधी दक्षिण-पूर्व वऱ्हाड आणि पुढे वणी जिल्हा म्हणत. गंमत अशी की, नाव वणीचे आणि कचेरी यवतमाळला, असा कारभार सुमारे चाळीस वर्षे चालला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि १९०५ मध्ये वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर आणि वाशीम हे जिल्हे मोडले गेले. वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका तेव्हा इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाडासह विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. जिल्ह्याची बाह्य सीमा या सगळ्या उलथापालथीत फारशी हललेली नाही. इंग्रजी आमदानीतील नोंदींत जिल्ह्याचे क्षेत्र ५,१८३ चौरस मैल दिलेले आहे. आजचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर म्हणजे जवळपास तेवढेच. गोवा राज्याच्या साडेतीनपटीहून हा भूभाग मोठा आहे. पुसद धरून या क्षेत्रात १९०१ साली ५ लाख ७५ हजार ९५७ लोक होते. सीमा तीच राहिली आणि त्यांच्या आतली माणसे एकशे दहा वर्षांत जवळपास पाचपट झाली.

ही वाढ सामावून घेण्यासाठी सरकारने जिल्हा न तोडता तालुके तोडले. यवतमाळ, दारव्हा, पुसद, केळापूर आणि वणी या पाच तालुक्यांतून आजचे सोळा तालुके निघाले : यवतमाळ, बाभूळगाव, कळंब, नेर, दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड, महागाव, घाटंजी, केळापूर, राळेगाव, मारेगाव, वणी आणि झरी-जामणी. यांतील केळापूर हे तालुक्याचे नाव, पण तहसील कार्यालय पांढरकवड्याला. परक्या माणसाची त्यात हमखास फसगत होते. सोळा तालुक्यांवर सात महसुली उपविभाग आहेत, त्यावर जिल्हाधिकारी आणि त्याच्याही वर अमरावतीचे विभागीय आयुक्त. खाली मंडळ अधिकारी आणि तलाठी. तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे बदलले. सातबारा काढायला जाणारा शेतकरी मात्र अजूनही तलाठ्याकडेच जातो.

विकासाचा कारभार जिल्हा परिषदेकडे. महाराष्ट्रातील त्रिस्तरीय पंचायत राज्याचा आराखडा ज्या समितीने तयार केला, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच जिल्ह्याचे, पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हा हाच लोकशाही विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक असावा, असा नाईक समितीचा आग्रह होता. पुढे डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री राहिले. यवतमाळ जिल्हा परिषदेत २०१७ च्या निवडणुकीत ६१ गट होते आणि पंचायत समित्या १६. दोन हजारांहून अधिक गावे आणि बाराशेच्या आसपास ग्रामपंचायती या रचनेखाली येतात.

सभोवतालचे जिल्हे तुटले, हा राहिला

यवतमाळच्या शेजाऱ्यांचा नकाशा पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. पूर्वेकडील चंद्रपूरमधून १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. पश्चिमेला अकोल्यातून १९९८ मध्ये वाशीम आणि परभणीतून १९९९ मध्ये हिंगोली निघाला. दक्षिणेला पैनगंगेपलीकडे तेलंगणाने २०१६ मध्ये आदिलाबादचे एकदम चार जिल्हे केले. १९०५ मध्ये मोडलेला वाशीम जिल्हा त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा उभा राहिला. त्यातून यवतमाळला आलेला पुसद तालुका मात्र येथेच राहिला.

पुसद जिल्हा करावा ही मागणी जुनी आहे आणि तिच्यामागे केवळ राजकीय अभिमान आहे असे म्हणता येणार नाही. पुसद ते यवतमाळ हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. उमरखेड तर त्याच्याही पुढे. उमरखेडच्या माणसाला दवाखाना, महाविद्यालय आणि बाजार यांसाठी नांदेड जवळचे पडते, वणीच्या माणसाला चंद्रपूर. जिल्हाधिकारी कार्यालयातील सुनावणी किंवा जात वैधतेचे काम यवतमाळला निघाले की या दोन्ही टोकांच्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. रेल्वेची कहाणी याहून निराळी नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद मार्गावरील शकुंतला गाडी बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. जिल्ह्याच्या ठिकाणाला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाशी रुळांनी जोडणारा हा पहिलाच मार्ग असेल.

नवा जिल्हा झाला तर कचेऱ्या, पदे आणि इमारती यांचा खर्च मोठा, आणि जिल्ह्याचे मुख्यालय पुसदला की आणखी कोठे हा वादही आहेच. शिवाय जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा गोठविण्यात आल्या आहेत. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत जे बदल होतील तेच ग्राह्य, त्यानंतर गणना संपेपर्यंत जिल्हा, तालुका वा नगरपरिषद यांच्या हद्दीत बदल नाही, असे महानिबंधक कार्यालयाने राज्यांना कळविले होते. तेव्हा २०२७ ची मोजणी सोळा तालुक्यांच्या अखंड यवतमाळ जिल्ह्याचीच होणार.

वाढीचा वेग मंदावला

१९६१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. पुढच्या दहा वर्षांत ती सव्वाचौदा लाखांच्या जवळ गेली. म्हणजे सुमारे तीस टक्के वाढ. १९९१ मध्ये २० लाख ७७ हजार, २००१ मध्ये २४ लाख ५८ हजार आणि २०११ मध्ये २७ लाख ७२ हजार. शेवटच्या दशकातील वाढ १२.८ टक्के आहे, राज्याची १६ टक्के. चौरस किलोमीटरमागे २०४ माणसे. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ९४२ वरून ९५२ वर आले, साक्षरता ८२.८ टक्क्यांवर पोहोचली.

वाढीचा वेग कमी होण्याचे श्रेय लहान कुटुंबाला द्यावे लागेल, तसेच दोषही कोठे तरी नोंदवावा लागेल. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याचा ग्रामीण भाग वीस लाखांवरून पावणेबावीस लाखांवर, म्हणजे जेमतेम साडेआठ-नऊ टक्क्यांनी वाढला. शहरी भाग मात्र साडेचार लाखांवरून सहा लाखांच्या जवळ गेला. याच दशकात यवतमाळचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर झाले. जून २००६ च्या अखेरीस तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रोजगार हमीचा केंद्रीय कायदा देशातील ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला त्यांतही यवतमाळ होता. कोरडवाहू कापसाच्या शेतीवर घर चालेनासे झाले की धाकटा भाऊ पुण्याला जातो, हा या दशकातील अनेक गावांचा अनुभव आहे. शिरगणतीच्या तक्त्यात तो फक्त एका कमी झालेल्या टक्क्याच्या रूपाने उमटतो.

राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त म्हणून ठरविलेल्या चौदा जिल्ह्यांत यवतमाळ आहे. या जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत होते. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला आणि पुढच्या वर्षी ती रक्कम १७० रुपये करण्यात आली. ज्यांना २०११ च्या गणिताने अन्नसुरक्षा यादीत जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी केलेली ही सोय आहे. दीडशे-पावणेदोनशे रुपयांत महिन्याचे धान्य येत नाही, हे सांगण्यासाठी आकडेवारीची गरज नाही.

कागदावर आकसलेले शहर

यवतमाळ शहराची २०११ ची लोकसंख्या १ लाख १६ हजार ५५१ नोंदली गेली. दहा वर्षांपूर्वी ती १ लाख २० हजारांच्या घरात होती. जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय, औद्योगिक वसाहत, नव्या शाळा, नव्या वसाहती येत असताना शहर आकसले कसे, याचे उत्तर नगरपरिषदेच्या हद्दीत होते. जुन्या हद्दीत घराला जागा उरली नव्हती. लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा, पिंपळगाव, भोसा, मोहा या चहूबाजूंच्या गावांत ले-आउट पडले, बंगले उभे राहिले, भाड्याच्या खोल्या निघाल्या. दारव्हा, आर्णी, घाटंजी, महागाव येथून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे येथेच स्थिरावली. शहरात राहणारा माणूस कर मात्र ग्रामपंचायतीला भरत होता.

पाच हजारांहून अधिक वस्ती, चौरस किलोमीटरमागे किमान चारशे माणसे आणि पुरुष कामकऱ्यांपैकी पाऊणशे टक्के शेतीबाहेर, अशा गावाला जनगणना खाते नगर म्हणून मोजते. राज्य सरकारच्या दृष्टीने ते ग्रामपंचायतच राहते. यवतमाळभोवतीची काही गावे या 'जनगणना नगरां'त मोडली. अशा दुहेरी अवस्थेतील वस्तीचे हाल ठरलेले असतात. गटारांसाठी ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, आणि नगरपरिषदेचा कचरागाडा हद्दीच्या दगडापाशी थांबतो.

२०१६ च्या नगरपरिषद निवडणुकीपूर्वी हद्दवाढ होऊन ही गावे शहरात आली. ज्यांनी वर्षानुवर्षे ती मागितली त्यांना समाधान झाले, पण ज्यांच्या शेतात अजून कापूस उभा होता त्यांचा मालमत्ता कराला विरोध होता. हद्दीची रेषा पुढे सरकली की माणसाचे हक्कही सरकतात, हे यातून दिसले. ग्रामीण घरकुलाची यादी आणि ग्रामसभा गावासोबत गेली. शहराची योजना, शहराचा कर आणि शहराची रांग आली. पंचायत समितीत दाद मागणारा माणूस नगरसेवकाच्या दारात गेला. हद्दवाढ होताच रस्ते, दिवे आणि नळ मिळतील अशी अपेक्षा होती. ती पूर्ण व्हायला किती काळ लागतो, हे त्या वसाहतींतील रहिवाशांना पावसाळ्यात विचारावे.

पाण्याचा प्रश्न त्याहून बिकट ठरला. यवतमाळला पाणी नगरपरिषद देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते. निळोणा आणि चापडोह या दोन प्रकल्पांवर शहराची तहान भागत असे. ते प्रकल्प जुन्या हद्दीतल्या वस्तीसाठी पुरेसे होते; वाढीव वस्तीसाठी नव्हते. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्ही तळाशी गेले आणि शहराला टँकरमागे धावावे लागले. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याची अमृत योजना हा त्यावरचा उपाय. जलवाहिनी टाकण्याचे काम रेंगाळत गेले आणि या दिरंगाईची किंमत नव्या वसाहतींनी दिली.

राज्यभर तालुक्याची गावे नगरपंचायती करण्याचे धोरण २०१४ मध्ये आले. त्यानुसार बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, महागाव आणि झरी-जामणी या तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायती झाल्या; पुढे उमरखेड तालुक्यातील ढाणकीचाही त्यात समावेश झाला. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, नेर, घाटंजी आणि पांढरकवडा या दहा नगरपरिषदा आधीपासून आहेत. पुसदची लोकसंख्या २०११ मध्ये ७३ हजार, वणीची ५९ हजारांच्या आसपास होती. वणी परिसरात कोळशाच्या खाणींमुळे तेलुगू आणि हिंदी बोलणारा कामगार वर्ग आला. तेथील बाजाराची भाषा जिल्ह्याच्या इतर गावांहून वेगळी आहे. झरी-जामणीसारख्या ठिकाणी मात्र नगरपंचायत म्हणजे फलक बदललेली ग्रामपंचायत, असेच प्रथमदर्शनी वाटते.

मोजलेले आणि न मोजलेले

यवतमाळच्या लोकसंख्येतील सर्वांत मोठा बदल जन्म-मृत्यूने घडला नाही, तो कायद्याने घडला. गोंड, कोलाम, आंध, परधान या जमाती जिल्ह्यात पूर्वापार आहेत. परंतु अनुसूचित जमातींच्या जुन्या आदेशात क्षेत्राची अट होती. विदर्भातील मोजक्याच तहसिलींत या जमातींना अनुसूचित मानले जाई आणि यवतमाळ जिल्ह्यापुरत्या त्या तहसिली म्हणजे केळापूर, वणी आणि यवतमाळ. घाटंजीकडचा कोलाम आदिवासी ठरे आणि पुसद किंवा दारव्हा तालुक्यातील त्याचा सोयरा कागदोपत्री आदिवासी नसे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रबंदी उठविली. राज्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ मध्ये साडेएकोणतीस लाख होती, ती १९८१ मध्ये पावणेअठ्ठावन्न लाखांच्या जवळ गेली. पुसद, उमरखेड, महागाव भागातील आदिवासी, त्यांत प्रामुख्याने आंध, तेव्हा प्रथम शिरगणतीत आपल्या नावाने आले. २०११ मध्ये जिल्ह्यातील अनुसूचित जमातींची संख्या ५ लाख १४ हजार ५७, म्हणजे १८.५४ टक्के होती, राज्याच्या ९.३५ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट. त्यांच्यासाठी पांढरकवडा आणि पुसद येथे दोन एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत.

मात्र एक रेषा तशीच राहिली. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जिल्ह्यातील जी गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आली, ती तत्कालीन केळापूर, मारेगाव, राळेगाव व घाटंजी तालुक्यांतील. पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम तेवढ्याच गावांना लागू होतात. त्या नियमांनुसार अनुसूचित क्षेत्रातील एखादा पाडा किंवा वस्ती स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊ शकते, तिची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. ती बहुधा मूळ गावापासून दूर, टेकडीच्या अंगाला असते. गावच्या सभेत पोडावरच्या माणसाचा आवाज पोहोचत नाही, म्हणून ही तरतूद मोलाची. पण पुसद, महागाव, उमरखेड तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांना ती नाही. महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींत कोलामांची गणना होते, आणि नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या केंद्राच्या जनमन योजनेतून त्यांच्या पोडांपर्यंत घरे व रस्ते नेण्याचा प्रयत्न झाला. तो करताना पोडांची यादीच प्रथम नव्याने करावी लागते, कारण जनगणना महसुली गावाचा आकडा देते, त्यातील पोडाचा किंवा तांड्याचा वेगळा देत नाही.

बंजारा समाजाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. जिल्ह्यात मराठीखालोखाल बोलली जाणारी भाषा बंजारा समाजाची आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या पट्ट्यात तांड्यांची दाट वस्ती आहे. या समाजाने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव आणि सुधाकरराव नाईक. असे असूनही स्वतंत्र भारताच्या एकाही जनगणनेत बंजारा समाजाची संख्या मिळत नाही, कारण १९५१ पासून जातनिहाय मोजणी केवळ अनुसूचित जाती आणि जमातींची होत आली आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात. त्यांची भाषाही जनगणनेच्या तक्त्यात हिंदी या मोठ्या शीर्षकाखाली जाते. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेले की तोच समाज लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींत आहे, आणि तेलंगणाच्या बाजूला तो त्या यादीत आला तोही १९७६ च्याच कायद्याने. एकाच दुरुस्तीने नदीच्या अलीकडे आंध आणि कोलामांची क्षेत्रबंदी उठविली, पलीकडे लंबाड्यांची. दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. मामाच्या मुलीला जमातीचे प्रमाणपत्र मिळते आणि आत्याच्या मुलाला मिळत नाही, हे समजावून सांगणे कोणत्याही तहसीलदाराला अवघडच जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे मराठा समाजाबाबत राज्य सरकारने निर्णय घेतल्यानंतर बंजारा समाजाची अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी नव्याने उसळली, आणि आदिवासी संघटनांनी तिला तितक्याच तीव्रतेने विरोध केला. दोन्ही बाजूंच्या मोर्च्यांत लोकसंख्येचे मोठमोठे आकडे सांगितले गेले. ते पडताळून पाहण्याचे साधन कोणाकडेही नव्हते. २०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा केंद्राचा निर्णय झाला आहे. १९३१ नंतर प्रथमच बंजारा समाजाचा खरा आकडा हाती येईल. तांड्यांना त्याची प्रतीक्षा आणखी एका कारणासाठी आहे. स्वतंत्र ग्रामपंचायत मागताना किमान लोकसंख्येची अट असते, आणि ती लोकसंख्या शेवटच्या जनगणनेतील धरली जाते.

टक्क्यांची बेरीज

लोकसंख्येची घडण प्रतिनिधित्वावर कसा परिणाम करते, याचे यवतमाळ हे बोलके उदाहरण आहे. अनुसूचित जातींचे ११.८४ टक्के, अनुसूचित जमातींचे १८.५४ टक्के आणि इतर मागासवर्गाचे २७ टक्के आरक्षण धरले की बेरीज ५७ च्या वर जाते. शेजारच्या वाशीमसह काही जिल्हा परिषदांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे स्पष्ट केले. आदिवासींची संख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांची त्यामुळे कोंडी झाली. यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेला. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या; तोवर तेथेही प्रशासकच होते. ज्या जिल्ह्याच्या सुपुत्राने जिल्हा परिषदेची घडी बसविली, तेथे बाराशे ग्रामपंचायतींच्या निधीचे वाटप काही वर्षे एकाही निर्वाचित जिल्हा परिषद सदस्याविना झाले.

विधानसभेच्या सात जागांपैकी राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी, उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ही मांडणी २००८ च्या पुनर्रचनेची, आणि ती २००१ च्या जनगणनेवर बेतलेली. तिने दारव्हा आणि केळापूर हे जुने मतदारसंघ पुसले. लोकसभेसाठी तर एका जिल्ह्याचे तीन तुकडे झाले : यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद हे यवतमाळ-वाशीममध्ये, वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत. जिल्हाधिकारी एक आणि खासदार तीन, अशी ही स्थिती आहे.

फेब्रुवारीतील मोजणी

२०११ ची प्रत्यक्ष लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. २०२७ चीही फेब्रुवारीतच ठरली आहे. या काळात जो माणूस संपूर्ण अवधीभर घराबाहेर असेल, त्याची नोंद घरी होत नाही, तो असेल तेथे होते. देशाच्या बहुतेक भागांत या नियमाने फारसा फरक पडत नाही. यवतमाळच्या तांड्यांत पडतो. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कापूस वेचून झाला की पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस भागातील टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात; काही वीटभट्ट्यांवर, काही पुणे-मुंबईच्या बांधकामांवर जातात. फेब्रुवारीत तांड्यावर म्हातारी माणसे आणि शाळेत ठेवलेली मुले असतात. प्रगणकाच्या तक्त्यात त्या घराचा आकार तेवढाच येतो. उरलेली माणसे उसाच्या फडाजवळील खोप्यांत मोजली गेली तर दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यावर पडतात; मोजली गेली नाहीत तर कोठेच नाहीत. पुढची किमान दहा वर्षे धान्य, गट आणि ग्रामपंचायत ठरणार ती त्या एका महिन्यात घरी सापडलेल्या माणसांवर. मतदानाच्या दिवशी मात्र हीच माणसे टेम्पो करून गावी आणली जातात.

या वेळी मोबाइलवरून स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे आणि प्रगणकही कागदाऐवजी मोबाइल वापरणार आहेत. प्रगणक म्हणजे बहुतांशी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक. तांडा कोणत्या महिन्यात रिकामा असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, कारण त्याच महिन्यांत त्यांच्या हजेरीपटावरील मुलेही कमी होतात. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालविण्याची तरतूद शिक्षण विभागाकडे आहे; त्यासाठी शाळा स्थलांतरित कुटुंबांची यादी करते. ऊसतोड कामगारांची नोंद ठेवण्यासाठी गोपीनाथ मुंडे महामंडळ आहे आणि ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचे कामही हाती घेतले गेले. म्हणजे कोणत्या तांड्यावरून किती माणसे कोठे जातात याच्या याद्या जिल्ह्यात आहेत. फक्त त्या शिक्षण आणि समाजकल्याण या दोन वेगळ्या खात्यांच्या कपाटांत आहेत, आणि जनगणनेचे काम महसूल खात्याकडे आहे.